सोमवार ते शनिवार कुमारी

आमची कंपनी औषधं तयार करायची. खोकल्याची, जुलाबाची, पोटातल्या जंतांची. याखेरीज आणखी एक रोग कंपनीला माहीत होता आणि त्यावर तिच्याकडे औषध नव्हतं, थेट कापाकापी होती. तो रोग म्हणजे बायकांचं लग्न. कंपनीतल्या बाईच्या डोक्यावर अक्षता पडल्या की त्याच दिवसापासून तिची नोकरी संपली, असा नियम होता. पुरुषाने लग्न केलं तर त्याला रजा मिळायची आणि साहेब त्याच्याशी हात मिळवायचे. बायको आली की पुरुषाचं कामात लक्ष लागतं आणि नवरा आला की बाईचं उडतं, असं काहीतरी शास्त्र त्यामागे असावं. औषधांची कंपनी म्हटल्यावर शास्त्र आलंच.

मला त्या नियमाचा काही जाच नव्हता. मॅट्रिक झाल्यावर मी तारापूर सोडलं, मुंबईला येऊन शॉर्टहँड आणि टायपिंग शिकले, बायकांच्या वसतिगृहात एक कॉट आणि अर्धं कपाट मिळवलं आणि एकेक पायरी चढत साहेबांची स्टेनो झाले. त्यानंतर टायपिंग विभागाचं प्रमुखपद होतं. त्या खुर्चीवर आजवर पुरुषच बसत आले होते आणि त्यातल्या एकालाही टाइप करता येत नव्हतं. चालू प्रमुख निवृत्त व्हायला टेकले होते. साहेबांनी मला बोलावून सांगितलं होतं की पुढच्या वर्षी खुर्ची तुमची. मग जरा घुटमळून विचारलं होतं, "तुमचा लग्नाचा काही विचार नाही ना?" मी नाही म्हटलं. त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.

मी खोटं बोलत नव्हते. चौतिशी उलटली होती. आत्यांनी स्थळं आणणं थांबवलं होतं, आणि आत्या थांबल्या की देवसुद्धा थांबतो.

तेवढ्यात आई वाडीत घसरून पडली आणि तिचं मांडीचं हाड मोडलं. बाबांनी बोलावलं. साहेबांनी तीन महिन्यांची रजा दिली, पण ती मेहेरबानी मोकळ्या हाताने केली नाही. डॉक्टर लोकांना वाटायची औषधांची माहितीपुस्तिका मी गावाहून टाइप करून पाठवायची होती. एक लहान टाइपरायटर बरोबर दिला. मी बोईसरला उतरले तेव्हा माझ्या एका हातात बॅग होती, दुसऱ्या हातात कंपनी होती आणि पायांत उंच टाचांच्या चपला होत्या.

बोईसर ओळखू येत नव्हतं. तारापूरला अणुविजेचा प्रकल्प बांधायला घेतला होता आणि सगळ्या देशाचे ट्रक आमच्याच रस्त्यावर आल्यासारखे धावत होते. स्टेशनाबाहेर हिंदीत भांडणं चालली होती. सालवडला म्हणे लोकांनी गोठे सारवून कामगारांना भाड्याने दिले होते आणि म्हशी अंगणात आल्या होत्या. आमच्या गावात विजेचा दिवा अजून चार घरांतच होता, पण अणू म्हणजे काय हे मात्र पानाच्या टपरीवर कुणीही समजावून सांगत होतं. टांग्यातून घरी पोचेपर्यंत माझ्या पांढऱ्या साडीचा रंग विटकरी झाला.

घरी आईला बघायला बायका यायच्या. येताना शहाळं नाहीतर वालाच्या शेंगा आणायच्या, आईच्या पायाकडे क्षणभर बघायच्या आणि उरलेला वेळ माझ्या गळ्याकडे. "काय गो बाय, अजून नाय?" असं एकीने विचारलं की दुसरी म्हणायची, "आगो, ती मोठी नोकरी करते." हे ती अशा आवाजात म्हणायची की तिसरीला मला क्षय झाल्यासारखं वाटावं. मी ओटीवर टाइपरायटर मांडून खडखडाट करत बसायचे. आजूबाजूच्या पोरांना वाटायचं की प्रकल्पाचा एक भाग आमच्याकडेही सुरू झाला.

दुसऱ्याच आठवड्यात टाइपरायटरमधला ‘एस’ तुटला. इंग्रजीत एस नसला तर किती अडतं हे ज्याला कळायचं असेल त्याने जुलाबाच्या औषधाची माहिती एसशिवाय लिहून बघावी. दुरुस्तीला मुंबईला जायचं तर आईला कोण उठवणार? बाबा म्हणाले, "डायवाल्याकडं ने. तो करील." आणि माझ्याकडे न बघता सुपारी कातरू लागले. न बघण्याचं कारण मला माहीत होतं.

डाय म्हणजे पोलादाचा ठसा. सोन्याच्या बांगड्या, कानातली फुलं, मंगळसूत्राच्या वाट्या, जे काही सोनार ठोकून घडवतो त्याची नक्षी आधी कुणीतरी पोलादात उलटी कोरलेली असते. ती कोरणारे लोक आमच्या चिंचणी-तारापूरचे. हा डायवाला माझ्या वर्गात होता. गणितात नापास व्हायचा आणि पाटीवर वेली काढायचा. मॅट्रिकच्या वर्षी त्याने मला खाडीच्या बांधावर गाठून म्हटलं होतं, "मुंबईला नको जाऊ. थांब." मी विचारलं, "कशाला?" त्यावर तो खूप वेळ खाडीकडे बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "उगंच." आता ‘उगंच’साठी कुणी आयुष्य थांबवत नाही. मी मुंबईला गेले. तो रुसला. त्याने एक शब्द कळवला नाही, मीही नाही. वाईट वाटलं होतं का? वाटलं होतं. पण शॉर्टहँड शिकताना हात इतके दुखायचे की बाकी काही दुखतंय हे कळायला वेळ मिळायचा नाही.

त्याच्या कारखान्याला कारखाना म्हणायचं ते त्याला राग येऊ नये म्हणून. एक पडवी, एक भाता, एक भिंग आणि छिन्न्यांची रांग. डोळ्याला भिंग लावून तो वाकला होता. मी आत शिरले तर मान वर न करता म्हणाला, "चपला भायर काढ." इतक्या वर्षांनी भेटलेल्या माणसाचं हे पहिलं वाक्य. केस कपाळावरून मागे सरकले होते, अंग भरलं होतं, आणि तोरा मात्र पूर्वी होता त्याच्या दुप्पट झाला होता. गुजरातपर्यंतच्या नवऱ्या त्याच्या नक्षीने मढतात, हे त्याने मला पहिल्या दहा मिनिटांत दोनदा सांगितलं. त्याचं स्वतःचं लग्न झालं नव्हतं. हलवायाने मिठाई खाऊ नये तसं काहीतरी असावं.

टाइपरायटर त्याने आवडीने बघितला. एकेक अक्षर उलटं कोरलेलं बघून तर त्याचा चेहराच फुलला. "हे तर आमचंच काम हाय," म्हणाला. "उद्या ने." दुसऱ्या दिवशी खरंच नवा एस बसवलेला होता. मी घाईत होते. घरी येऊन बसले, पुस्तिकेची पंचवीस-तीस पानं एका दमात टाइप केली आणि टपालात टाकली. टाइपिस्टचे डोळे हस्तलिखितावर असतात, कागदावर नसतात, याचा मला फार अभिमान होता.

साहेबांचं उत्तर आलं. त्यांना टाइप नवीन वाटला होता आणि त्यांनी फार सभ्यपणे विचारलं होतं की औषधाच्या पुस्तिकेत पानोपानी वेलबुट्टी असण्याचं कारण काय. मी धावत जाऊन माझ्याकडच्या कार्बन प्रती उजेडात धरल्या. प्रत्येक एसच्या खालच्या वळणाला एक नाजूक पान फुटलं होतं आणि वरच्या टोकाला कळी होती. जंतांच्या औषधाच्या एकाच पानावर एवढ्या कळ्या फुलल्या होत्या की वाचणाऱ्या डॉक्टरला जंतांबद्दल माया वाटावी.

तशीच तरातरा त्याच्याकडे गेले. चपला बाहेर काढल्या, कारण भांडायला आत जाणं भाग होतं.

"हे काय केलंस तू?"

त्याने भिंगातून कागद बघितला. चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेश नाही. "चांगलं उठलंय की."

"पान कशाला काढलंस?"

"आगो, नुस्तं वळण बोडकं दिसत होतं," तो म्हणाला. "हात ऱ्हायला नाय."

त्याच्या हातून काहीही साधं निघत नव्हतं, त्याला तो तरी काय करणार! मी ओरडायला तोंड उघडलं आणि मला हसू फुटलं. इतकं फुटलं की मी त्याच्या भात्याशेजारी खाली बसले. तोही हसायला लागला. किती वर्षांत मी अशी हसले नव्हते. वसतिगृहात हसण्याच्या वेळा ठरलेल्या होत्या आणि ऑफिसात साहेब हसले की हसायचं होतं. हसता हसता माझ्या लक्षात आलं की मला हा माणूस आवडतो. अजून आवडतो म्हणा, नाहीतर पुन्हा आवडतो म्हणा. मला फार भीती वाटली. मी एस साधा करून घेतला आणि घरी आले. रात्रीच्या जेवणात मीठ टाकायला विसरले. आईने वरून मीठ घेतलं.

त्यानंतर टाइपरायटर वारंवार बिघडू लागला. माणूस मनावर घेतो तेव्हा यंत्र किती सहकार्य करतं ते मी तेव्हा पाहिलं.

गावात भेटलं तर गाव बघणार आणि बोईसरला भेटलं तर प्रकल्पाचे कामगारसुद्धा आता बघू लागले होते. म्हणून आम्ही पालघरला भेटायचो. आईचं औषध पालघरच्या डॉक्टरचं होतं आणि त्याचं पोलादाचं सामान पालघरच्या स्टेशनावर उतरायचं, निदान तो तसं म्हणायचा. स्टेशनासमोरच्या हॉटेलात आम्ही समोरासमोर बसायचो आणि भजी मागवायचो. तालुक्याच्या गावी आपल्याला कुणी ओळखत नाही अशी आमची समजूत होती. पुढे कळलं की हॉटेलवाला आमच्या गावच्या सरपंचाचा साडू. भज्यांची संख्यासुद्धा गावात पोचत होती.

तिथेच एका दुपारी त्याने विचारलं. "मागं थांब म्हटलं तर ‘कशाला’ म्हणालीस. आता सांगतो कशाला. माझ्याशी लगीन कर."

बांधावर बोलायला हवं होतं ते वाक्य इतक्या वर्षांनी तयार झालं होतं. कोरून काढायचं काम, वेळ लागणारच. मला रडू आलं आणि त्याच्यामागोमाग लगेच साहेब आठवले, खुर्ची आठवली. मी त्याला नियम सांगितला.

"म्हंजे लगीन झालं का काढून टाकतात?" त्याचा विश्वास बसेना. "औषधं करतात का सोवळं पाळतात?"

"तोच नियम आहे."

"मंग सोड नोकरी. मी काय उपाशी ठेवणार हाय तुला?"

मी चहाचा कप खाली ठेवला. "बरं. मी टायपिंग सोडते, तू ठसे सोड. दोघं मिळून वाडीत नारळ वेचू."

"मी काय म्हणून सोडू? ते माझं काम हाय."

मी नुसती त्याच्याकडे बघत राहिले. आपण काय बोललो हे त्याच्या कानापर्यंत पोचायला जरा वेळ गेला. पोचलं तसा तो लाल झाला, उठला आणि भज्यांचे पैसे ठेवून निघून गेला. रुसण्याची कला त्याला जन्मजात होती. पुढचे बरेच दिवस त्याच्या पडवीचं दार मला बघितलं की आतून लागायचं.

ते दिवस मला अजून आठवतात. पुस्तिका संपत आली होती, आई काठी टेकत चालू लागली होती, रजा संपायला आली होती. मी ठरवलं होतं की परत जायचं, खुर्चीवर बसायचं आणि हे सगळं विसरायचं. एकदा विसरले होते, दुसऱ्यांदा सरावाने सोपं जाईल. ठरवलं होतं आणि तरी रोज संध्याकाळी त्याच्या घरावरून जायचे. तिकडे आमचं कुणीच राहत नव्हतं. मी त्याला सोडून राहू शकत नव्हते आणि काम सोडूनही राहू शकत नव्हते, आणि या दोन गोष्टींतली एक दुसरीला घरात घ्यायला तयार नव्हती. खुर्चीची हाव होती असं लोक म्हणतील. होतीच. पुरुषाला असली की तिला महत्त्वाकांक्षा म्हणतात आणि तिचा सत्कार करतात.

शेवटी तो आला तो आमच्या घरी, दिवसाढवळ्या, बाबांसमोर. धुतलेला सदरा घालून. ओटीवर बसला आणि म्हणाला, "काका, हिनं नोकरी सोडायची नाय. लगीन आपण इथं करू. मुंबईत कुणाला सांगायचं नाय. ती शनिवारी येईल, रविवारी जाईल."

बाबा म्हणाले, "लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे की. ते आत्ता काय गप हायेत?"

बाबांनी सुपारी कातरली, पण यावेळी माझ्याकडे बघत. मी मान हलवली. चौतीस वर्षांच्या बाईने लाजावं का हा प्रश्न आहे, पण मी लाजले.

सगळं ठरलं आणि मग एका गोष्टीवर अडलं. मंगळसूत्र. कंपनीच्या लेखी बाईचं लग्न झालं की नाही याचा पुरावा एकच, तिचा गळा. काळे मणी दिसले की खेळ संपला. म्हणजे मला मुंबईत ते काढून ठेवावं लागणार होतं. हे ऐकून त्याची आई मटकन खाली बसली. तिचा हा एकुलता एक मुलगा. नवरा तिचा तरुणपणीच गेला होता, आणि तिच्या गळ्यातलं उतरवतानाचा दिवस ती विसरली नव्हती. नवरा जिवंत असताना बाईने स्वतःच्या हाताने मंगळसूत्र काढायचं म्हणजे तिच्या दृष्टीने मुलाचं मरण हाताने लिहायचं. मुलाच्या मानाचाही प्रश्न होता. अर्ध्या गुजरातच्या गळ्यात याच्या ठशाच्या वाट्या आणि घरच्या सुनेचा गळा ओका!

मी मनात म्हटलं, झालं. साहेबांचा नियम एका बाजूने आणि म्हातारीचा दुसऱ्या बाजूने. कायदे करणाऱ्यांचा सगळा जीव बाईच्या गळ्यातच का अडकलेला असतो कोण जाणे.

म्हातारी दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने मला बोलावलं. मी गेले ती भांडणाच्या तयारीने. ती वाल सोलत होती. मला म्हणाली, "बाय, तू सोताच्या हातानं काढायचं नाय."

"मग नोकरी..."

"ऐक तं खरी. तू काढायचं नाय. ज्यानं बांधलं त्यानं सोडावं, त्यानंच परत बांधावं. त्याच्या हातानं सुटलं तं त्यात वाईट काय? तो जिता हाय म्हणून तं सोडतो. जाशील तवा त्यानं सोडायचं, येशील तवा बांधायचं. कंटाला केलान् तं मला सांग."

धर्मशास्त्र जाणणाऱ्या किती जणांना हे सुचलं असतं मला ठाऊक नाही. मी वाकून तिच्या पाया पडले. लग्नाआधी सासूच्या पाया मनापासून पडलेली तालुक्यातली मी पहिलीच असेन.

लग्न आमच्या अंगणात झालं. वाट्या त्यानेच घडवल्या होत्या आणि बघते तर अगदी साध्या. एक वेल नाही, एक पान नाही. मी विचारलं तर म्हणाला, "लोकांनी तुझ्याकडं बघावं, वाट्यांकडं नाय." हे वाक्य त्याने आठवडाभर पाठ केलं होतं असा मला आजही संशय आहे. बोलताना नजर छताकडे होती. लग्नात धवले म्हणणाऱ्या म्हाताऱ्या बाईकडून मात्र शपथ घ्यावी लागली. तिच्या गाण्याशिवाय आमच्याकडे लग्न लागल्यासारखं वाटत नाही, पण ती गाण्यात गावची सगळी खबर गुंफायची. तिने कंपनीला गाण्यातून वगळलं, एवढे उपकार केले.

आणि मग आला पहिला रविवार. बोईसरच्या फलाटावर आम्ही एका कोपऱ्यात उभे राहिलो. मी पाठ फिरवली, अंबाडा वर धरला आणि तो गाठ सोडू लागला. पोलादावर केसाएवढी रेघ ओढणारे हात, पण ती दोऱ्याची गाठ काही त्यांना सुटेना. तेवढ्यात मागून आरोळी आली.

"ए मुडद्या! बायकोच्या गल्यातला डोरला काढतस? ताडीला पैसं कमी पडलं काय?"

मुरबे गावची एक कोळीण बोईसरच्या बाजारात मासळी विकून परत चालली होती. हातातली रिकामी टोपली तिने त्याच्या डोक्यावर उगारली. दोन-चार कामगार धावून आले, "क्या हुआ? चोर है क्या?" म्हणत. नव्या नवरदेवाची कॉलर धरली गेली. मी मध्ये पडून ओरडत होते की हा माझा नवरा आहे, तर कोळीण म्हणत होती, "तं मी काय परका म्हन्तंय? नवरंच असतान असे!" गाडी लांबून शिटी देत येत होती आणि मला त्या गर्दीला औषध कंपनीची नोकरभरतीची नीती समजावून सांगायची होती. मी ती मराठीत सांगितली, मग हिंदीत सांगितली. कोळणीला सगळं कळलं तेव्हा तिने टोपली खाली ठेवली आणि कंपनीच्या मालकाला अशी शिवी दिली की ती मला शॉर्टहँडमध्येसुद्धा लिहिता येणार नाही. मग त्याला म्हणाली, "सोड सोड, गारी आली. पर येल तवा नीट बांद."

त्याने गाठ सोडली. मंगळसूत्र सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं आणि वरून हात दाबून धरला. गाडी सुटली तरी हात तसाच होता. मी खिडकीतून बघत होते. ओका गळा घेऊन मुंबईला निघालेल्या मला त्या क्षणी जेवढं लग्न झाल्यासारखं वाटलं तेवढं अक्षता पडतानाही वाटलं नव्हतं.

पुढल्या वर्षी खुर्ची मिळाली. सत्कारात साहेब म्हणाले की मिसबाईंनी आपलं आयुष्य कंपनीला वाहिलं आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माझ्या आईचा पाय मुंबईत काही बरा झालाच नाही. गावात ती विहिरीवरून पाणी आणत होती, पण ऑफिसात तिचं हाड दर शनिवारी नव्याने दुखायचं आणि मला बारा वाजल्यापासून घड्याळाकडे बघावं लागायचं. माझ्या मातृभक्तीची नव्या पोरींना उदाहरणं दिली जात. एक हिशेबनीस तर हळहळून म्हणाला की आईपायी बिचारीचं लग्न राहून गेलं.

आणि गाव? ज्या गावात भजी लपली नाहीत त्या गावाने माझं लग्न लपवलं. गावची पोरं मुंबईत नोकरीला होती, एकाची बहीण तर आमच्याच कंपनीत डबे भरायला होती. पण कुणी अवाक्षर काढलं नाही. एकदा साहेब प्रकल्पाच्या दवाखान्यात औषधांच्या कामाला आले आणि चौकशी करत थेट आमच्या गावात पोचले. टपरीवर त्यांनी माझ्या घराचा पत्ता विचारला, तर अणू समजावून सांगणाऱ्या मंडळींना एकदम त्या बाजूचे रस्तेच आठवेनात. त्यांना शहाळं पाजून परत बोईसरला पोचवण्यात आलं. गाव करी ते राव न करी. साहेब मला सोमवारी म्हणाले, "तुमच्या गावचे लोक फार प्रेमळ, पण जरा भोळे." मी म्हटलं, "हो सर, फार भोळे."

दर शनिवारी संध्याकाळी बोईसरला उतरलं की तो फलाटावर असायचा. बॅग घ्यायच्या आधी, कशी आहेस विचारायच्या आधी, तो मंगळसूत्र बांधायचा. मी पाठ करून उभी राहायचे. हमालांना सवय झाली. स्टेशन मास्तर तेवढ्यापुरते तोंड फिरवायचे. बांधताना तो काहीच बोलायचा नाही, आणि तो किती थकलाय, आठवडा कसा गेला, रुसलाय की खुशीत आहे, हे मला त्याच्या बोटांवरून कळायचं. भांडून गेलेली असले तर गाठ जरा जोरात बसायची. आजारी असला तर बोटं गरम लागायची. लोकांची लग्नं एकदाच लागतात आणि मग फोटोत राहतात. माझं दर आठवड्याला लागत होतं. आठवडाभर मी त्या फलाटाच्या जिवावर काढायचे.

मग आमच्या कंपनीचा नियम गेला. कोर्टकचेऱ्या, युनियन, बरंच काही झालं असणार. आम्हाला आलं ते चार ओळींचं परिपत्रक आणि ते माझ्याच विभागाने टाइप केलं. मी साहेबांकडे जाऊन सांगितलं की माझं लग्न झालेलं आहे. ते म्हणाले, "अभिनंदन! कधी झालं?" मी म्हटलं, "बराच काळ झाला." ते खुर्चीत मागे टेकले.

त्या रविवारी बोईसरला तो सवयीने माझ्या मागे आला. मी म्हटलं, "आता सोडायचं नाही. राहू दे." त्याने हात मागे घेतला. बरं म्हणाला. आनंद झाल्याचंही म्हणाला. मी पहिल्यांदा मंगळसूत्र घालून गाडीत बसले आणि आठवडाभर ऑफिसात सगळ्यांच्या नजरा आणि आश्चर्यं ऐटीत झेलली.

शनिवारी उतरले. तो नेहमीच्या जागी उभा होता. माझ्याकडे बघून हसला, आणि मग त्याचे दोन्ही हात पुढे आले आणि मध्येच थांबले. त्यांना काही कामच नव्हतं. एक हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला, तिथे काही नव्हतं, तो परत आला. मग त्याने बॅग घेतली आणि म्हणाला, "चल. बस लागलीय."

मी हलले नाही. पाठ फिरवून उभी राहिले आणि अंबाडा वर धरला.

"जरा बघतोस का? गाठ सैल झाल्यासारखी वाटते."

त्याने बॅग खाली ठेवली. गाठ घट्ट होती; मीच सकाळी ओढून पाहिली होती. तो जवळ आला, बोटांनी चाचपली, त्यालाही कळलं असणार. पण त्याने ती सोडली, पुन्हा बांधायला घेतली आणि इतका वेळ लावला की तारापूरची बस निघून गेली.